तुळशीच्या अर्कातले चांदीचे नॅनोकण: झोन आला, पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने तुळशीच्या पानांचा अर्क आणि सिल्व्हर नायट्रेट यांपासून चांदीचे नॅनोकण तयार केले. द्रावण तपकिरी झालं, यूव्ही-व्हिजिबलमध्ये (द्रावण कोणता प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या चाचणीत) ४३० नॅनोमीटरला पीक मिळालं. ई. कोलाय आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या प्लेटवर १४ ते १६ मिलिमीटरचे झोन (जिवाणू न वाढलेली वर्तुळं) आले. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर एमटीटी (पेशी किती जिवंत आहेत ते रंगावरून सांगणारी चाचणी) केली, तिचा आयसी५० (निम्म्या पेशी मारणारी मात्रा) निघाला ४० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. गाइडनी सुचवलेल्या शीर्षकाचा आशय असा की हे कण औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवर आणि कर्करोगावर, दोन्हींवर गुणकारी आहेत. एवढ्या डेटावर असं म्हणता येईल का, आणखी काय करावं, पेटंट मिळेल का, हे तिला विचारायचंय. आणि अगदी शेवटी एक ओळ: मावशीला ब्रेस्ट कॅन्सर आहे, तिला हे थोडं देऊन पाहिलं तर?

आधी त्या शेवटच्या ओळीचं उत्तर देते, बाकीचं थांबू शकतं. नाही, देऊ नका. चमचाभरही नाही. तुमच्या फ्लास्कमध्ये नुसते नॅनोकण नाहीत. त्यात न बदललेलं सिल्व्हर नायट्रेट असणार. पानांवरचे जिवाणू उकळताना मेले तरी त्यांचं एंडोटॉक्सिन हे विष उरलेलं असू शकतं. आणि एका चमच्यात नेमकी किती चांदी आहे हे आज तुम्हालाही सांगता येणार नाही. पोटात गेलेली चांदी गाठीचा पत्ता विचारत जात नाही, ती यकृतात आणि त्वचेत साठते. दीर्घकाळ चांदी घेणाऱ्यांची त्वचा निळसर-राखाडी पडते. या आर्जिरियाचा रंग सहसा परत जात नाही. अमेरिकेच्या एफडीएने १९९९ मध्येच स्पष्ट केलं की दुकानांत विकलं जाणारं कोलॉइडल सिल्व्हर सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाही. मावशींची केमो किंवा हॉर्मोनची गोळी सुरू असेल, तर घरचा साधा काढासुद्धा त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय सुरू करू नका. घरात कुणी आजारी असताना आपल्याच हातात काहीतरी आहे असं वाटणं मी समजू शकते, म्हणूनच एवढं स्पष्ट लिहिलं.

आता तुमच्या कामाकडे वळू. जिवाणू मरतात आणि कर्करोगाच्या पेशी मरतात, असे दोन निष्कर्ष तुम्ही मांडलेत. मला तो एकच निष्कर्ष दोनदा मोजलेला वाटतो: पुरेशी चांदी दिली की पेशी मरते. चांदीचा आयन गंधक असलेल्या थायॉल गटांना धरतो. असे गट जिवाणूच्या श्वसनसाखळीतल्या एन्झाइम्समध्ये असतात आणि तुमच्या-माझ्या पेशींतही असतात. एकाच लेखात ‘प्रभावी जंतुनाशक’, ‘प्रभावी कर्करोगरोधी’ आणि ‘शरीराला सुरक्षित’ ही तिन्ही विशेषणं दिसली की मी आधी मात्रेचे आकडे शोधते. बऱ्याचदा तिन्ही दाव्यांची मात्रा जवळजवळ एकच असते. मग सुरक्षित कुणाला?

म्हणून मरण्याचे आणखी पुरावे जमवत बसू नका. किती चांदीने मारलं, त्यात तुळशीचा वाटा काय आणि त्याच मात्रेला कोण वाचलं, एवढं दाखवलंत तर प्रोजेक्टला वजन येईल. यातलं किती जमेल हे तुमच्या हातात असलेल्या वेळेवर, सेल कल्चर तुमच्याच विभागात आहे की बाहेरून करून घेतलंय यावर, आणि जवळपास चांदी मोजायला आयसीपी-एमएस किंवा निदान अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनची सोय आहे का यावर अवलंबून आहे. साध्या कॉलेजच्या लॅबमध्येही यातलं निम्म्याहून जास्त होतं, हे मात्र खात्रीने सांगते.

सुरुवात वजनापासून करा, कारण ह्या क्षेत्रातला सर्वांत मोठा गोंधळ तिथेच होतो. तुम्ही लिहिलंय की ९० मिलिलिटर १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये १० मिलिलिटर अर्क घातला. म्हणजे मिश्रणात चांदी ०.९ मिलिमोलर. चांदीचा अणुभार १०७.८७, त्यामुळे दर मिलिलिटरला जास्तीत जास्त ९७ मायक्रोग्रॅम चांदी आणि अख्ख्या १०० मिलिलिटरमध्ये ९.७ मिलिग्रॅम. सगळीच्या सगळी चांदी कणांत बसली, धुताना एक कणही वाया गेला नाही, तरी याहून जास्त निघूच शकत नाही. तुमची वाळवलेली पावडर मात्र ३८ मिलिग्रॅम भरली. मग उरलेले २८ मिलिग्रॅम काय? पानातली प्रथिनं, साखरा, पॉलिफेनॉल्स, थोडा ओलावा. तुम्ही ज्याला ४० मायक्रोग्रॅम नॅनोकण म्हणताय त्यात चांदी फार तर १० मायक्रोग्रॅम आहे आणि बाकी तुळस. दुसऱ्या एखाद्या गटाच्या पावडरमध्ये चांदी ८० टक्के असेल, तर तुमचा ४० आणि त्यांचा ४० शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

यावर उपाय म्हणजे पावडरचा ठरावीक नमुना नायट्रिक आम्लात विरघळवून चांदी मोजून घेणं. मोजणारा अनोळखी असेल तर बजावून सांगा की नुसतं नायट्रिक आम्ल वापरा. सवयीने अ‍ॅक्वा रेजिया वापरलं तर त्यातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाने सिल्व्हर क्लोराइड खाली बसू शकतं आणि आकडा कमी येतो. एकदा हा आकडा हातात आला की पुढचे सगळे आलेख ‘चांदी, मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर’ या मापात काढा. व्हायव्हाला बसणारा परीक्षक जाणकार असेल तर पहिला प्रश्न इथेच येईल. नसेल, तर निदान तुम्हाला तरी खरं काय ते कळेल.

दुसरी गोष्ट, उरलेले आयन. सेंट्रिफ्यूज केल्यावर वरचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. त्यातलं थोडं टेस्ट ट्यूबमध्ये घ्या आणि मिठाच्या द्रावणाचे दोन-चार थेंब टाका. दुधी गढूळपणा आला तर चांदीचे आयन शिल्लक आहेत आणि तुमचा झोन कदाचित त्यांचाच आहे. गढूळपणा नाही आला तर मात्र लगेच निश्चिंत होऊ नका, अर्कातले काही घटक चांदीला धरून ठेवतात. पेलेट डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन-तीनदा धुवा, शक्य असेल तर डायलिसिस करा. अगदी बारीक कण वरच्या पाण्यातच राहतात हेही लक्षात ठेवा. आणि अर्क करताना नळाचं पाणी वापरू नका. त्यातल्या क्लोराइडने सिल्व्हर क्लोराइड तयार होतं आणि मग आपण मोजतोय काय हेच कळेनासं होतं.

आयनांवर एवढा भर का, ते सांगते. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या गटाने २०१२ मध्ये चांदीचे नॅनोकण ऑक्सिजन पूर्ण वगळून तयार केले आणि तसेच वापरूनही पाहिले. ऑक्सिजन नसल्यामुळे चांदीचं ऑक्सिडीकरण होईना, आयन सुटेनात, आणि आयनांच्या मारक मात्रेच्या हजारो पट कण देऊनही ई. कोलाय मरेनात. म्हणजे निदान त्या प्रयोगात मारणारा होता आयन आणि कण होता आयनांचं कोठार. यामुळे कण निरुपयोगी ठरत नाहीत, हळूहळू आयन सोडणारं कोठार ही जखमेवर उपयोगाचीच गोष्ट आहे. पण ‘कण पेशीभित्तिकेला भोकं पाडतात’ हे वाक्य स्वतःच्या पुराव्याशिवाय उचलून आपल्या प्रबंधात टाकू नका.

आता झोन. आगार प्लेटवर विहीर पाडून नॅनोकण भरणं सोपं आहे, फोटो छान येतो, म्हणून सगळे करतात. पण आगारमधून कण नीट पसरत नाहीत. पसरतात ते आयन आणि अर्कातले छोटे रेणू. त्यामुळे झोनचा व्यास कणांची ताकद सांगत नाही. शिवाय तुमच्या १४ मिलिमीटरमध्ये ६ मिलिमीटर विहिरीचेच आहेत. आणि शेजारच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या डिस्कशी मिलिमीटरची तुलना करून ‘प्रमाणित औषधाच्या तोडीस तोड’ असं तर अजिबात लिहू नका; प्रत्येक पदार्थ आगारमध्ये वेगळ्या वेगाने पसरतो. झोनचा फोटो प्राथमिक चाचणी म्हणून ठेवा आणि पुढे जा.

पुढे म्हणजे ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन, पातळ पोषकद्रवात वेगवेगळ्या मात्रा लावून पाहणं. ९६ विहिरींची प्लेट, म्युलर-हिंटन ब्रॉथ, दर मिलिलिटरला साधारण ५ लाख जिवाणू, १६ ते २० तास. इथे तुम्हाला एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा, मिळेल. माझा आग्रह असतो तो प्लेटच्या रांगांसाठी. एका रांगेत धुतलेले कण. दुसरीत तेवढ्याच चांदीचं सिल्व्हर नायट्रेट. तिसरीत नुसता तुळशीचा अर्क, कणांबरोबर जेवढा येतो तेवढाच. चौथीत सेंट्रिफ्यूजचं वरचं पाणी. आणि पाचवीत सायट्रेटने बनवलेले, साधारण त्याच आकाराचे चांदीचे कण. ही पाचवी रांग बहुतेक जण टाळतात, आणि खरं तर तीच तुमच्या प्रोजेक्टचा जीव आहे. तुळशीमुळे काही वेगळं घडलं की कुठल्याही मार्गाने केलेल्या चांदीच्या कणांनी तेच केलं असतं, याचं उत्तर फक्त ती देते. कणांमुळे ब्रॉथ आधीच तपकिरी आणि गढूळ दिसतो, म्हणून जिवाणू न घातलेली एक रांगही लावा आणि शेवटी विहिरींतून थोडं थोडं आगारवर पसरून कॉलनी मोजा. नुसत्या ६०० नॅनोमीटरच्या ओडीवर (गढूळपणाच्या मापावर) विसंबू नका.

हा ब्रॉथही तटस्थ नसतो. त्यात क्लोराइड आहे, प्रथिनांचे तुकडे आहेत. दोन्ही चांदीला पकडतात. कोणता ब्रॉथ, कोणत्या कंपनीचा, हे लिहून ठेवा. दुसऱ्या लॅबमध्ये एमआयसी दुप्पट आली तर भांडण होण्याआधी हे तपासता येतं.

‘रेझिस्टंट’ या शब्दावर थोडी थांबते. तुमची ई. कोलाय एटीसीसी या अमेरिकेतल्या जिवाणूसंग्रहाची, २५९२२ क्रमांकाची आहे. ती उत्तम आहे, गुणवत्ता-नियंत्रणासाठी जगभर तीच वापरतात, आणि वापरतात ती नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद देते म्हणूनच. तिच्यावर काही चाललं तर औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंबद्दल आपल्याला शून्य माहिती मिळते. बहुऔषधरोधक म्हणायलाही ठरलेली व्याख्या आहे: तीन किंवा अधिक गटांतल्या प्रत्येकी किमान एका औषधाला दाद न देणारा. तशा जिवाणूंवर काम करायचं तर एमआरएसएसाठी (मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकससाठी) एटीसीसी ४३३००, ईएसबीएल क्लेब्सिएलासाठी ७००६०३, एनडीएम-१ असलेल्या क्लेब्सिएलासाठी बीएए-२१४६ अशा ओळखीच्या जाती आहेत. किंवा एखाद्या मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागाबरोबर रीतसर, एथिक्स समितीच्या परवानगीने, अँटिबायोग्रॅमसह (कोणतं औषध चालतं याच्या तक्त्यासह) रुग्णांचे आयसोलेट्स, म्हणजे त्यांच्या नमुन्यांतून वेगळे केलेले जिवाणू, घ्या. मात्र बीएसएल-२ या जैवसुरक्षा पातळीच्या लॅबची सोय नसेल तर हा हट्ट सोडा आणि शीर्षकातून तो शब्दच काढा. त्यात कमीपणा काही नाही.

सोय असेल तर इथे खरोखर रंजक प्रयोग आहे. संवेदनशील आणि रेझिस्टंट जातींची एमआयसी शेजारी ठेवा. ईएसबीएलसारखं बीटा-लॅक्टमेज हे जिवाणूचं एन्झाइम पेनिसिलिनच्या गटातल्या औषधांचं वलय तोडतं. त्यातलंच एनडीएम-१ तर कार्बापेनेम ही राखीव औषधंही सोडत नाही. चांदीला तोडण्यासारखं असं वलयच नाही. त्यामुळे दोन्ही जातींची एमआयसी जवळपास सारखी यायला हवी, आणि तशी आली तर ‘अँटिबायोटिकला असलेला प्रतिरोध चांदीच्या आड आला नाही’ हे वाक्य तुम्ही छातीठोकपणे लिहू शकता. जगात २०१९ मध्ये सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट प्रतिरोधक जिवाणूंमुळे झाल्याचा अंदाज आहे. तेव्हा हे वाक्य लहान नाही.

पण त्याच्या पुढचं ‘आणि जिवाणूंना चांदीविरुद्ध प्रतिरोध निर्माण करता येत नाही’ हे वाक्य खोटं आहे, आणि ते अजूनही सर्रास छापलं जातं. बोस्टनच्या एका रुग्णालयाच्या भाजलेल्यांच्या वॉर्डात, जिथे जखमांवर सिल्व्हर नायट्रेट लावत, तिथल्या साल्मोनेलात चांदीचा प्रतिरोध सापडल्याचं १९७५ मध्येच प्रसिद्ध झालं. तोच जिवाणू अँपिसिलिन आणि क्लोरॅम्फेनिकॉललाही दाद देत नव्हता. पुढे त्याच्या प्लास्मिडवर (जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर) सिल नावाच्या जनुकांचा संच सापडला. त्यातली काही प्रथिनं चांदीला पकडतात, काही तिला पेशीबाहेर पंपाने फेकतात. लक्षात घ्या, चांदीचा आणि अँटिबायोटिकचा प्रतिरोध एकाच प्लास्मिडवर. म्हणजे चांदीचा अतिवापर अँटिबायोटिकच्या प्रतिरोधालाही खतपाणी घालू शकतो. चांदी लावलेले मोजे आणि पाण्याच्या टाक्या पाहिल्या की माझा जीव वरखाली होतो तो यामुळे.

दुसरं उदाहरण २०१८ चं, चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्सच्या संशोधकांचं. त्यांनी ई. कोलाय आणि स्यूडोमोनासला पुन्हा पुन्हा चांदीच्या नॅनोकणांसमोर वाढवलं. जिवाणूंनी जनुकं बदलली नाहीत. त्यांनी फ्लॅजेलिन हे शेपटीचं प्रथिन जास्त सोडलं, त्यात कण अडकून गुठळ्या झाल्या आणि चांदी निष्प्रभ झाली. आता तुमच्या कामाची गोष्ट: डाळिंबाच्या सालीच्या अर्काने फ्लॅजेलिनचं उत्पादन दाबलं आणि कणांचा परिणाम परत आला. वनस्पतीचा अर्क चांदीच्या कणाला काय देऊ शकतो याचं मला ठाऊक असलेलं हे सर्वांत सुरेख उदाहरण. अर्क इथे नुसता रंग बदलणारा नव्हता, त्याचं नेमकं काम दाखवता आलं.

तुळशीकडे परत येऊ. पानांच्या अर्काने धातूचे कण करणं ही आता नवलाई नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली सास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये कडुलिंबाच्या पानांच्या पाण्यातून सोन्या-चांदीचे कण केले, त्याच वर्षी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी कण. अमरावती विद्यापीठातल्या महेंद्र राय यांच्या गटाने चांदीच्या नॅनोकणांचा जंतुनाशक म्हणून घेतलेला २००९ चा आढावा आजही जो तो उद्धृत करतो. त्यानंतर अंगणातली, कुंपणावरची, रानातली एकही वनस्पती आपण सोडलेली नाही. त्यामुळे ‘अमुक पानापासून पहिल्यांदाच’ हा दावा आता कुणाला हलवत नाही. अमुक पानानेच का, हे सांगता आलं तर हलवतो.

त्यासाठी आधी पान कुठलं ते नक्की करा. रामतुळस, कृष्णतुळस, की दुसरीच रानतुळस? शेजारच्या वृंदावनातून आणलेल्या फांदीचं हर्बेरियम (दाबून वाळवलेला नमुना) करून पुण्याच्या बोटॅनिकल सर्व्हेच्या पश्चिम विभागीय केंद्रातून ओळख पटवून घ्या आणि नमुना क्रमांक प्रबंधात द्या. पावसाळ्यातलं पान आणि मार्चमधलं पान यांचा अर्क सारखा नसतो, म्हणून प्रत्येक बॅचला फोलिन-सिओकाल्टू या रंगाच्या चाचणीने एकूण फेनॉल्स मोजा. स्वस्त चाचणी आहे, एका दुपारी होते. आणि चांदीला युजेनॉलने रिड्यूस केलं असं लिहिण्याआधी विचार करा: अर्क उघड्या बीकरमध्ये उकळला असेल तर युजेनॉलसारखे उडणारे घटक बरेचसे वाफेबरोबर गेलेले असतात. पाण्यात उतरणारं रोझमरिनिक आम्ल हा जास्त पटणारा संशयित आहे. शुद्ध रोझमरिनिक आम्ल आणून त्यानेच कण होतात का पाहा. एका फ्लास्कचा प्रयोग आहे.

कणांच्या ओळखीबद्दल फार लिहीत नाही, तुमच्याकडे बहुतेक गोष्टी आहेत. एफटीआयआरचं (रासायनिक बंध ओळखणाऱ्या चाचणीचं) कोष्टक सगळ्यांचं सारखंच असतं, ३४०० आणि १६३० च्या आसपासचे पट्टे कुठल्याही पानात मिळतील. त्यावर पानभर चर्चा करू नका. डीएलएसचा (विखुरलेल्या प्रकाशावरून काढलेला) आकार टीईएमपेक्षा (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपपेक्षा) मोठाच येतो, कारण तो भोवतीच्या आवरणासकट मोजतो. एक्सआरडीवरून, शेररच्या सूत्रातून येतो तो स्फटिकाचा आकार, कणाचा नव्हे. टीईएम मुंबईच्या आयआयटीतल्या सैफ या उपकरण-केंद्रात करून घेता येईल. एक सुंदर फोटो निवडू नका, निदान दोनशे कण मोजून वितरण द्या.

एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याची चाचणी) मात्र नीट बघा. चांदीची शिखरं ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांवर येतात. तुम्ही पाठवलेल्या आलेखात २७.८, ३२.२ आणि ४६.२ वरही शिखरं आहेत, आणि तिथे तुम्ही तारांकन करून ‘जैविक पदार्थाचं स्फटिकीकरण’ असं लिहिलंय. हे तीन आकडे मी झोपेतही ओळखेन, कारण ते सिल्व्हर क्लोराइड आहे. पानातच क्लोराइड असतं, त्यामुळे वनस्पतीच्या अर्कातून केलेल्या कणांत ते वारंवार दिसतं. तुमच्यात ३२.२ चं शिखर चांदीच्या मुख्य शिखराहून उंच आहे. म्हणजे तुमचा पदार्थ चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचं मिश्रण आहे. तसं सरळ लिहा. सिल्व्हर क्लोराइडही आयन सोडतं आणि जिवाणू मारतं, काम वाया गेलेलं नाही. पण नाव चुकीचं लावलं तर सगळा हिशेब चुकतो.

आता कर्करोग. एमटीटीत पिवळा रंग जांभळा होतो तो जिवंत पेशींच्या एन्झाइम्समुळे, असं आपण धरतो. पण वनस्पतींतले पॉलिफेनॉल्स पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात, आणि चांदीचे कण त्याच भागात प्रकाश शोषतात. दोन्हींमुळे मेलेल्या पेशीही जिवंत भासू शकतात. म्हणून पेशी न घातलेल्या विहिरींत मीडियम, कण आणि एमटीटी असा कंट्रोल हवाच. आरपीएमआय या पेशी वाढवायच्या मीडियममध्ये क्लोराइड भरपूर आणि सीरममध्ये प्रथिनं. तिथे कण तुमच्या फ्लास्कमधले राहत नाहीत. सीरम किती टक्के होतं ते लिहा आणि मीडियममध्ये टाकल्यावर दुसऱ्या दिवशी यूव्ही-व्हिजिबल पुन्हा घ्या. पीक पसरलं, उजवीकडे सरकलं, तर गुठळ्या झाल्या.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेजारची निरोगी पेशी. एमसीएफ-७ साठी एमसीएफ-१०ए हा स्तनाच्याच पेशींचा जोडीदार योग्य, जरी तिचं मीडियम महाग आणि नखरेल असलं तरी. अनेक जण एचईके-२९३ ला ‘नॉर्मल’ म्हणून बसवतात. ती अ‍ॅडिनोव्हायरसच्या डीएनएने अमर केलेली पेशी आहे. पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून काय मिळतं ते विचारा. निरोगी पेशींचा आयसी५० कर्करोगाच्या पेशींच्या कितीपट आहे, तेवढी तुमच्या कर्करोगाच्या दाव्याची लांबी. एकपट असेल तर दावा नाही. आणि हाच निरोगी पेशींचा आकडा जिवाणूंच्या एमआयसीशेजारीही ठेवा. मला प्रबंधात एकच आकृती पाहायला मिळणार असेल तर मी ही मागेन: एकाच अक्षावर चांदीची मात्रा, आणि त्यावर जिवाणू, कर्करोगाची पेशी, निरोगी पेशी, तिन्हींच्या रेषा.

प्लेटमधल्या पेशीपासून रुग्णातल्या गाठीपर्यंतचं अंतर किती आहे? टोरांटोच्या एका गटाने २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांचे प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र पाहिले. शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण होतं ०.७ टक्के. उरलेल्यातलं बरंच यकृत आणि प्लीहा पकडून ठेवतात. कर्करोगात जे नॅनो-औषध खरोखर वापरात आलं, १९९५ चं डॉक्सिल किंवा २००५ चं अ‍ॅब्रॅक्सेन, त्यात आधीच सिद्ध झालेलं औषध मेदाच्या किंवा अल्ब्युमिनच्या कणातून नेलं जातं. धातूच्या बाजूने पाहिलं तर हाफ्नियम ऑक्साइडचे कण थेट गाठीत टोचून त्यावर रेडिएशन देण्याच्या उपचाराला युरोपात २०१९ मध्ये मान्यता मिळाली. तिथेही धातूचं विष कामाला लावलेलं नाही, क्ष-किरण शोषण्याचा गुण लावलाय. सदाफुलीतून व्हिंक्रिस्टिन आलं तेही एक शुद्ध, मोजता येणारा रेणू म्हणून.

म्हणून मला विचाराल तर कर्करोग या प्रोजेक्टमध्ये दुय्यम ठेवा आणि चांदी जिथे आधीपासून टिकून आहे तिथे जोर लावा: त्वचेवर, जखमेवर, कॅथेटरच्या पृष्ठभागावर. सिल्व्हर सल्फाडायझिन १९६८ पासून भाजलेल्यांसाठी वापरात आहे, चांदीची ड्रेसिंग्जही बाजारात आहेत. तिथे रक्तातून गाठ शोधत जायचं नसतं, लावली तिथेच काम. आणखी एक चांगली दिशा म्हणजे जोडी. निष्प्रभ झालेलं अँटिबायोटिक आणि तुमचे कण चेकरबोर्ड पद्धतीने, म्हणजे दोन्हींच्या वेगवेगळ्या मात्रांच्या जोड्या लावून, एकत्र वापरा आणि एफआयसी निर्देशांक (जोडीत प्रत्येकाची मात्रा किती कमी लागते त्याचं माप) काढा. ०.५ किंवा त्याखाली आला तरच ‘सिनर्जी’ (एकमेकांना बळ देणं) लिहा, ०.८ ला बरेच जण हा शब्द वापरतात, तो तिथे बसत नाही.

पेटंटचं थोडक्यात. तुळशी-चांदीची नुसती कृती नवीन नाही, आणि पारंपरिक ज्ञानावर आधारलेल्या गोष्टींना आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(पी) आड येतं. देशातली जैविक सामग्री वापरलेल्या शोधासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रियाही पाहावी लागते. काही खरंच नवं हाती लागलं, समजा डाळिंबाच्या सालीसारखं नेमकं काम करणारा घटक, तर परिषदेत पोस्टर लावण्याआधी विद्यापीठाच्या पेटंट कक्षात जा. आधी जाहीर केलं की नावीन्य संपतं.

तुमच्याकडे दोन महिने आहेत असं धरून क्रम लावते. पहिल्या आठवड्यात कण धुऊन, मीठ टाकून पाहणं आणि चांदी मोजायला पाठवणं. तोवर सायट्रेटचे कण करून ठेवा. मग पाच रांगांची एमआयसी, तीन वेगळ्या दिवशी, शक्यतो अर्काच्या दोन वेगळ्या बॅचेसवर. सेल कल्चर मिळालं तर निरोगी पेशी आधी, एमसीएफ-७ नंतर. एक्सआरडीचा मजकूर आजच दुरुस्त करा. चांदीचं सांडपाणी वेगळ्या बाटलीत जमा करा, आणि हातमोजे घाला, नाहीतर सबमिशनपर्यंत बोटं काळी राहतील.

शीर्षकासाठी गाइडशी वाद घालू नका, आकडे घेऊन जा. मी असते तर लिहिलं असतं: ‘तुळशीच्या जलीय अर्कातून मिळालेल्या चांदी व सिल्व्हर क्लोराइड नॅनोकणांची जिवाणूरोधक मात्रा आणि निरोगी पेशींवरील विषारीपणा: सायट्रेट कण व सिल्व्हर नायट्रेटशी तुलना’. लांबलचक आहे, मान्य. पण व्हायव्हामध्ये यातल्या प्रत्येक शब्दासाठी तुमच्याकडे एक कोष्टक असेल. पाचव्या रांगेचे आकडे आले की इथेच टाका. तुळस आणि सायट्रेटमध्ये फरक निघाला तर पुढचा प्रयोग कुठला घ्यायचा ते त्यावरून ठरवू.